शेकडा कशाचा?

व्यापारी घरातील मुलाच्या कानावर टक्के शाळेच्या कितीतरी आधी पडतात. रोखीवरचा दोन टक्के वटाव, अडत, दलाली, मालातील घट, व्याजाचा दीड टक्का, जीएसटी हे शब्द जेवणाच्या पानावरही निघतात. तरीही शाळेत ‘शेकडेवारी’ आणि ‘नफा-तोटा’ हे पाठ सुरू झाले की याच घरांतील अनेक मुले अडखळू लागतात. सूत्र पाठ असते, गुणाकार-भागाकार अचूक असतो आणि तरीही उत्तर चुकते. त्याचे कारण मुलाच्या बुद्धीत क्वचितच असते. बहुधा ते एका न विचारलेल्या प्रश्नात दडलेले असते: टक्का खरा, पण तो कशाचा?

शेकडा म्हणजे नाते

वीस टक्के म्हणजे वीस रुपये नव्हेत, वीस नगही नव्हेत. एखाद्या राशीचे शंभर समान भाग कल्पिले, तर त्यांपैकी वीस भाग. दोनशे रुपयांचे वीस टक्के ४० रुपये होतात आणि पाच हजारांचे १,०००. टक्का तोच, पण मूळ राशी बदलली की रक्कम बदलते. ही मूळ राशी कोणती, हे ओळखणे म्हणजेच शेकडेवारी समजणे. पुढचे सारे केवळ आकडेमोड आहे.

घरातील एका उदाहरणाने हे चटकन पटते. समजा, एका दुकानाची महिन्याची विक्री ५,००,००० रुपये आणि निव्वळ नफा ६०,००० रुपये आहे. कुटुंबाने ‘दहा टक्के दानासाठी’ असा संकल्प केला. हे दहा टक्के विक्रीचे मानले तर ५०,००० रुपये होतात आणि नफ्याचे मानले तर ६,०००. संकल्पाचे शब्द तेच, पण एका अर्थाने घरखर्चास जेमतेम १०,००० उरतात आणि दुसऱ्या अर्थाने ५४,०००. असे उदाहरण मुलासमोर मांडले की ‘कशाचे?’ हा प्रश्न त्याला पुन्हा शिकवावा लागत नाही.

आजोबांची भाषा, नातवाचे गणित

शेकडेवारीची सुरुवात सूत्राने करण्याची गरज नाही. मराठी घरांत पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचे पाढे पाठ केले जात. या शब्दांतच टक्के लपलेले आहेत. पाव म्हणजे २५ टक्के, निम्मे म्हणजे ५०, पाऊण म्हणजे ७५, सव्वापट म्हणजे १२५ आणि दीडपट म्हणजे १५०. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा ‘सोळा आणे खरे’ म्हणजे शंभर टक्के खरे, आणि धंद्यात दोन आण्यांची भागी म्हणजे साडेबारा टक्के. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले आणि शेकडेवारी जणू प्रत्येकाच्या खिशात आली. रुपयातील प्रत्येक पैसा म्हणजे रुपयाचा एक टक्का.

एवढा पाया असला की तोंडी हिशेब सोपा होतो. आधी दहा टक्के काढावेत, म्हणजे राशीचा दहावा भाग. त्याचे निम्मे पाच टक्के, दहावा भाग एक टक्का. पंधरा टक्के हवे असतील तर दहा आणि पाच मिळवावेत. अठरा हवे असतील तर वीसमधून दोन वजा करावेत. २,४०० रुपयांचे वीस टक्के ४८० आणि दोन टक्के ४८, म्हणून अठरा टक्के ४३२. आणखी एक गंमत मुलांना फार आवडते. ५० चे १८ टक्के आणि १८ चे ५० टक्के सारखेच, म्हणजे ९. अवघड बाजू सोपी वाटेल अशी राशी उलटून घेण्याची ही युक्ती मुलाने स्वतः पडताळून पाहावी. ती का खरी ठरते हेही त्यानेच शोधावे. दोन्हीकडे त्याच दोन संख्यांचा गुणाकार शंभराने भागलेला आहे, हे त्याच्या ध्यानात आले की शेकड्याची भीती बरीचशी ओसरते.

शाळेचा नफा आणि दुकानाचा नफा

व्यापारी घरातील मुलाचा खरा गोंधळ येथे होतो. ८० रुपयांची वस्तू १०० रुपयांस विकली. शालेय पुस्तक म्हणते, नफा शेकडा २५, कारण तेथे नफा खरेदीच्या किमतीवर काढतात: ८० वर २०. दुकानात वडील म्हणतात, ‘यात वीस टक्के मार्जिन आहे,’ कारण ते विक्रीच्या किमतीवर बोलत असतात: १०० वर २०. दोघेही बरोबर आहेत. मात्र मुलाने घरचा वीस शाळेच्या उत्तरपत्रिकेत लिहिला तर गुण जातात. शाळेचा पंचवीस त्याने उद्या दुकानात विक्रीवर धरला, तर धंद्याचा अंदाजच चुकतो. महिन्याच्या एक लाखाच्या विक्रीत २५,००० सुटतील अशी अपेक्षा असते आणि सुटतात २०,०००. म्हणून वडिलांनी घरी बोलताना ‘खरेदीवर’ किंवा ‘विक्रीवर’ एवढा एक शब्द जोडला, तरी मुलाची अर्धी अडचण दूर होते.

चढण आणि उतरण सारखी नसते

१,००० रुपयांच्या साडीची किंमत २५ टक्क्यांनी वाढवली आणि मग सणाला २५ टक्के सूट दिली. बहुतेक मुले उत्तर देतात, किंमत पुन्हा १,०००. प्रत्यक्षात ती ९३७ रुपये ५० पैसे होते. वाढ हजारावर झाली, सूट मात्र १,२५० वर, म्हणजे ३१२ रुपये ५० पैसे. मूळ राशी मध्येच बदलली.

‘२० टक्के सूट, त्यावर आणखी १० टक्के’ या पाटीचेही तसेच. १,००० चे आधी ८०० होतात आणि दुसरी सूट या ८०० वर मिळते, म्हणजे ८०. ग्राहक ७२० रुपये देतो. एकूण सूट तीस टक्के नसून अठ्ठावीस टक्के झाली. आठवीच्या ‘सूट व कमिशन’ या पाठातील उदाहरणे सोडवताना बाजारातील अशा पाट्या मुलाकडूनच तपासून घ्याव्यात.

कराच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने होते. अठरा टक्के जीएसटी धरून एखाद्या वस्तूचे १,१८० रुपये झाले. त्यातील कर किती? घाईत १,१८० चे अठरा टक्के काढले तर २१२ रुपये ४० पैसे येतात आणि ते चूक आहे. कर १,००० वर लागला होता, म्हणून तो १८० आहे. करासह रक्कम म्हणजे मुळाच्या शंभरातील ११८ भाग. तिला ११८ ने भागून १८ ने गुणले की उत्तर मिळते. दहावीच्या ‘अर्थनियोजन’ या प्रकरणात जीएसटी येतो, पण दुकानातील एक जुने बिल समोर ठेवले तर हा मुद्दा आठवीतल्या मुलालाही कळतो.

सराफी घरांतील मुलांसाठी आणखी एक उदाहरण आहे. दागिन्यावरील ‘९१६’ हा अंक शंभरावर नसून हजारावर आहे. बावीस कॅरट म्हणजे चोविसातील बावीस भाग, म्हणजेच हजारात सुमारे ९१६ भाग शुद्ध सोने, म्हणजे सुमारे ९१.६ टक्के. येथेही पहिला प्रश्न तोच: किती भागांपैकी?

दर ऐकावा आणि उलगडावा

व्याजाच्या गणितात मुलांना ‘द. सा. द. शे.’ ही अक्षरे भेटतात. दर साल दर शेकडा, एवढ्या चार शब्दांत दराची दोन्ही मापे आली: किती काळासाठी आणि किती रकमेवर. पेढीवर मात्र ‘दीड टक्का’ म्हटले की तो बहुधा महिन्याचा असतो. सरळव्याजाने तो वर्षाला अठरा टक्के होतो आणि दरमहा व्याज मुद्दलात मिळत गेले तर साडेएकोणीस टक्क्यांच्या थोडा वर जातो. दीड हा आकडा लहान वाटतो, कारण काळ न सांगता उच्चारलेला असतो.

हप्त्यांच्या कर्जात हीच गोष्ट अधिक सूक्ष्म होते. १,००,००० रुपये एका वर्षासाठी ‘सरसकट दहा टक्के’ दराने घेतले आणि १,१०,००० रुपये बारा समान हप्त्यांत फेडले, तर दर दहा टक्के आहे असे वाटते. परंतु पहिल्याच महिन्यापासून मुद्दल कमी होत जाते. वर्षभरात कर्जदाराच्या हाती सरासरी निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम असते, व्याज मात्र पूर्ण लाखावर आकारलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर खरा दर अठरा टक्क्यांच्या जवळ जातो. नववी-दहावीच्या मुलाने हा तक्ता एकदा महिन्यामागून महिना स्वतःच्या हाताने मांडला, तर पुढे त्याची फसगत सहज होणार नाही.

वारसा गणिताचा आणि व्रताचा

जैन परंपरेस हे गणित परके नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. गणिताचा उपयोग लौकिक आणि धार्मिक अशा सर्वच व्यवहारांत कसा होतो, हे त्यांनी आरंभीच सांगितले आहे. त्रैराशिक, व्याज आणि सोन्याच्या कसाची उदाहरणे या ग्रंथात आहेत. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने १९६३ मध्ये जीवराज जैन ग्रंथमालेत हिंदी अनुवादासह तो प्रसिद्ध केला. शेकडेवारी हे त्रैराशिकाचेच एक रूप आहे: अमुक राशीवर इतके, तर शंभरावर किती?

श्रावकाच्या अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ याची गणना होते. घेताना मोठे माप आणि देताना लहान माप वापरणे, असा त्याचा अर्थ. आज मालाचे वजन विद्युतकाटा करतो. दर, सूट, व्याज आणि भागी यांचे माप मात्र टक्काच आहे. स्वतः व्याज घेताना महिन्याचा दर आणि तुलना सांगताना वर्षाचा, नफा वाटताना एक आधार आणि तोटा वाटताना दुसरा, हे मापच बदलणे होय. जाणूनबुजून केले तर तो दोष आहे. न कळत घडले तरी समोरच्याचे नुकसान व्हायचे ते होतेच.

घरी काय करता येईल

त्यासाठी वेगळी शिकवणी लागत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास पुरे. मुलाला दुकानातील पाच खरी बिले द्यावीत आणि प्रत्येक टक्क्यापुढे ‘कशाचा’ हे शब्दांत लिहायला सांगावे. आकडेमोड त्यानंतर. उत्तर काढण्यापूर्वी अंदाज सांगण्याची सवय लावावी. ३,९०० चे अकरा टक्के चारशेच्या आसपास असणार, हे आधी कळले तर ४,२९० असे उत्तर त्याचे त्यालाच खटकेल. मूळ राशी मनात स्थिर राहत नसेल तर चौकटीच्या वहीत दहा गुणिले दहाचा चौरस आखून तिचे शंभर भाग डोळ्यांसमोर आणावेत. गणकयंत्र शेवटी, केवळ पडताळ्यासाठी.

गुणपत्रिकाही याच दृष्टीने वाचावी. २० पैकी १८ म्हणजे ९० टक्के आणि ८० पैकी ४० म्हणजे ५० टक्के. दोहोंची सरासरी काढून कोणी ७० म्हणेल, पण १०० पैकी मिळाले ५८. मुलगा हे स्वतः सांगू लागला, चुकीच्या सरासरीत आपला फायदा दिसत असतानाही सांगू लागला, की त्याला शेकडेवारी आली असे समजावे. असा मुलगा पुढे गल्ल्यावर बसेल तेव्हा त्याने सांगितलेला टक्का ग्राहकाला पुन्हा तपासावा लागणार नाही.