यंत्राचा डोळा आणि खिशातला फोन

मालाची निपज वाढवणे ही एक गोष्ट, आणि निपजलेला प्रत्येक नग निर्दोष असल्याची खात्री देणे ही दुसरी. पहिले काम यंत्रांनी केव्हाच अंगावर घेतले. दुसरे मात्र अनेक लहान कारखान्यांत आजही माणसाच्या डोळ्यांवरच सोपवलेले असते. समजा, रायपूरच्या चौबे कॉलनीत राहणारा एक लहान कारखानदार रोज सकाळी उरला येथील औद्योगिक वसाहतीत जातो. त्याच्या कारखान्यात डब्यांची झाकणे तयार होतात. पट्ट्यावरून झाकणे सरकत असतात, दोन कामगार त्यांवर नजर ठेवून बसलेले असतात. आणि तरीही एखादे तडकलेले झाकण गिऱ्हाइकाच्या हाती पडते व सबंध माल परत येतो.

यात कामगारांचा कामचुकारपणा असतोच असे नाही. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखवून दिले की, एकसुरी दृश्याकडे टक लावून बसलेल्या माणसाची दक्षता पहिल्या अर्ध्या तासातच उतरू लागते. म्हणून न थकणारा डोळा हवा. कारखान्यांसाठी खास बनवलेले कॅमेरे मिळतात, पण त्यांना स्वतंत्र संगणक लागतो आणि खर्च वाढतो. तेव्हा कॅमेरा, संगणक आणि पडदा एकाच डबीत सामावणारा स्मार्टफोन पट्ट्यावर टांगला तर काय बिघडले, असा विचार मनात येतो. तो अव्यवहार्य नाही. मात्र फोनची निवड जाहिरातीवरून न करता कामावरून केली पाहिजे.

पहिला प्रश्न असा की, सर्वांत लहान खोट केवढी? समजा, २०० मिलिमीटर रुंदीचा भाग चित्रात घ्यायचा आहे आणि चित्रात त्या रुंदीवर ४,००० बिंदू आहेत. म्हणजे एका बिंदूच्या वाट्याला ०.०५ मिलिमीटर आले. खोट निश्चितपणे ओळखण्यासाठी तिने निदान पाच बिंदू व्यापावेत असे धरले, तर ०.२५ मिलिमीटरची तडा सापडू शकेल. एवढे बिंदू १२ मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्यातही असतात. १०८ मेगापिक्सेलचे कॅमेरे पुष्कळदा नऊ बिंदूंचा एक बिंदू करून अखेर १२ मेगापिक्सेलचेच चित्र देतात. तेव्हा मोठ्या आकड्याला भुलण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न गतीचा. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर सरकत असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात झाकण अर्धा मिलिमीटर पुढे जाते, आणि पाव मिलिमीटरची तडा चित्रात पुसली जाते. प्रकाशग्रहणाचा काळ सेकंदाच्या पाच हजाराव्या भागावर आणला, तर सरक ०.१ मिलिमीटरवर येते. पण मग प्रकाश पाचपट लागतो. शिवाय फोनचा कॅमेरा बहुधा सबंध चित्र एका क्षणी टिपत नाही. तो ते ओळीओळीने वाचतो. या वाचनाला सेकंदाचा पन्नासावा भाग लागला, तर तेवढ्यात झाकण १० मिलिमीटर सरकते आणि वर्तुळ वाकडे उमटते. क्षणभर थांबून पुढे सरकणारा पट्टा हा यावरचा सोपा उपाय होय.

प्रकाशाचेही तसेच. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे तिच्यावर चालणारे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण अल्पकाळात टिपलेल्या चित्रांत कधी उजेड तर कधी अंधारी पट्टी येते. म्हणून एकदिश प्रवाहावर चालणारे दिवे लावून भोवती आडोसा करावा. महागड्या फोनपेक्षा या दिव्यांवरचा खर्च अधिक फळ देतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडेच सहसा दुर्लक्ष होते. फोनचा कॅमेरा चित्र सुंदर दिसावे म्हणून घडवलेला असतो. तो अनेक चित्रे एकत्र करतो, खरखर पुसतो, कडा उठावदार करतो. चेहऱ्यावरचा डाग लपवणे हे तेथे कौशल्य ठरते. तपासणीत मात्र तो डागच हवा असतो. म्हणून जो फोन प्रकाशग्रहणाचा काळ, नाभी आणि रंगांचा समतोल एकदा ठरवून तसाच स्थिर ठेवू देतो आणि संस्कार न केलेले चित्र हाती देतो, तोच निवडावा. अँड्रॉइड प्रणालीत २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून अशी सोय आहे. परंतु प्रत्येक फोनात ती पूर्णत्वाने असतेच असे नाही. खरेदीपूर्वी हे पडताळून पाहावे.

मग हवामान. ॲपल कंपनी आपले फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावेत असे सांगते. रायपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अखंड जोडलेल्या विजेमुळे बॅटरी तापते आणि फुगू शकते. यंत्राच्या कंपनांचाही धोका आहे. मोटारसायकलच्या कंपनांनी कॅमेऱ्यातील भिंग स्थिर राखणारी रचना बिघडू शकते, असा इशारा त्याच कंपनीने २०२१ साली दिला होता. म्हणून फोन यंत्रावर न बसवता वेगळ्या खांबावर बसवावा आणि त्याला वारा मिळू द्यावा.

एवढे साधल्यावर माणसाचे काम संपते काय? एक हिशेब पाहण्यासारखा आहे. दिवसाला १०,००० झाकणे निघतात आणि त्यांत २० तडकलेली आहेत असे समजू. यंत्राचा निर्णय शंभरांत नव्व्याण्णव वेळा बरोबर येतो. ते वीसपैकी जवळजवळ सर्व सदोष झाकणे पकडील. पण ९,९८० चांगल्या झाकणांपैकीही सुमारे १०० बाजूला काढील. म्हणजे बाजूला निघालेल्या १२० झाकणांत १०० निर्दोषच असतील. ती सरसकट फेकणे म्हणजे नुकसान, आणि यंत्राला सौम्य करणे म्हणजे तडकलेली झाकणे पुढे जाऊ देणे.

यातून वाट काढतो तो पट्ट्यावरचा जुना कामगारच. १०,००० झाकणांऐवजी त्याने १२० पाहायची. तेवढ्यासाठी त्याची नजर ताजी राहते. शिवाय कोणती रेघ म्हणजे तडा आणि कोणती नुसता ओरखडा, हे यंत्राला प्रथम शिकवायचे असते ते त्याच्याच निवाड्याने निवडलेल्या नमुन्यांवरून. फोन आला म्हणून त्याला घरी पाठवणारा कारखानदार आपल्या यंत्राचा शिक्षकच गमावून बसेल. म्हणून फोनच्या किमतीचा विचार करण्याआधी त्याने त्या कामगाराला जवळ बसवून विचारावे, “खोट तुम्हांला कशी कळते?” फोन कोणता घ्यावा, याचे निम्मे उत्तर तेथेच मिळेल.