किती जोराची? धार, डिग्री आणि ग्रॅम
(लेखांक चौथा)

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नवापूर आणि नंदुरबारच्या मध्ये चिंचपाडा लागतं. तालुका नवापूर. गुजरातची हद्द इथून जवळच. नवापूर स्टेशनाच्या तर फलाटामधूनच ती जाते, निम्मं स्टेशन महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत. मुंबई राज्याने १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आणली. १९६० नंतर गुजरातने ती तशीच ठेवली, महाराष्ट्राने परवान्यांच्या वाटेने सैल केली. म्हणजे एकाच फलाटाच्या दोन टोकांना दारूचे दोन कायदे आहेत.

या पट्ट्यात मोहाची असते, ताडी असते, देशीची क्वार्टर असते आणि अलीकडे लग्नाच्या मांडवामागे थंड बिअरचे खोकेही असतात. गेल्या आठवड्यात आपण आंबण्याची क्रिया पाहिली. यातलं कोणतं पेय किती जोराचं, हा या वेळचा प्रश्न. त्याची नेहमीची उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत: ‘बिअरनं काय होतंय?’, ‘घरची मोहाची आहे, बाधत नाही’, ‘ताडी तर औषधी’. तिन्ही उत्तरं हिशेबाला टिकत नाहीत, आणि त्यांच्यामुळे माणसं आजारी पडतात म्हणून हा हिशेब नीट मांडायला हवा.

मोहापासून सुरुवात करू. मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली मोहफुलांचा सडा पडतो, बाया आणि पोरं तो वेचतात, फुलं वाळवून ठेवतात. वाळलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. फुलं पाण्यात काही दिवस भिजली की ती साखर आंबते आणि मद्यार्क तयार होतो. मात्र आंबवणारं यीस्ट आपणच तयार केलेल्या मद्यार्कात गुदमरतं. त्यामुळे घरगुती आंबवणाचा जोर सहसा दहा टक्क्यांच्या आतबाहेरच थांबतो. त्याहून जोर हवा तर भट्टी लावावी लागते.

मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० ला. मडकं तापू लागलं की वाफेत आधी मद्यार्काचं प्रमाण मोठं असतं. म्हणून पहिली धार चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. मग मडक्यातला मद्यार्क संपत जातो, वाफेत पाणी वाढतं, आणि शेवटची धार बिअरएवढीही जोराची राहत नाही. ‘पहिल्या धारेची’ या शब्दाला एवढा मान आहे तो उगाच नाही. पण विकणारा सगळ्या धारा एकत्र करतो की पहिली वेगळी ठेवतो, मागाहून पाणी किती घालतो, हे पिणाऱ्याला कळायला मार्ग नाही. एकाच पाड्यावरच्या दोन घरांची मोहाची एक वीस टक्क्यांची आणि दुसरी चाळीसची असू शकते. पेला तोच, नशा दुप्पट.

यावर गावात एक जुनी परीक्षा आहे. थोडी दारू ओतायची आणि काडी लावायची. पेटली तर अस्सल. या परीक्षेवर भरवसा ठेवू नये. द्रव पेटतो तो त्याच्यावर साचलेल्या वाफेमुळे, आणि वाफ किती साचते ते हवेच्या उष्णतेवर ठरतं. चाळीस टक्क्यांची दारू साधारण २६ अंशांना पेट घेण्याजोगी वाफ सोडते, वीस टक्क्यांची सुमारे ३६ अंशांना. नंदुरबारच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, तेव्हा वीस टक्क्यांचीही भडका दाखवते. डिसेंबरच्या रात्री चाळीसचीही कदाचित दाद देणार नाही. शिवाय विषारी मिथेनॉल यापेक्षा सहज पेटतं, आणि त्याची फिकट ज्योत उजेडात दिसतही नाही.

गंमत अशी की साहेबाची परीक्षाही याच जातीची होती. बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून ती पेटते का ते पाहत, असं सांगतात, आणि पेटण्याच्या त्या सीमेला ‘प्रूफ’ म्हणत. पुढे १८१६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने साइक्सचा हायड्रोमीटर मान्य केला. हे द्रवात तरंगणारं पितळी उपकरण. मद्यार्क पाण्याहून हलका, म्हणून जितकं मद्य जोराचं तितकं उपकरण खोल बुडतं. ब्रिटिश प्रूफ म्हणजे आजच्या हिशेबाने ५७.१ टक्के. आपल्या बाटल्यांवर ‘२५ डिग्री यू. पी.’ असा शिक्का असतो, तो तिथूनच आलेला. प्रूफच्या २५ टक्के खाली, म्हणजे ५७.१ चा पाऊण हिस्सा, ४२.८ टक्के. व्हिस्की, रम, ब्रँडी यांच्या लेबलावर ‘४२.८% व्ही/व्ही’ असा विचित्र अपूर्णांक का दिसतो, याचं उत्तर हे आहे. ‘व्ही/व्ही’ म्हणजे आकारमानाला आकारमान: १०० मिलिलिटरमध्ये ४२.८ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क.

आता खरा हिशेब. टक्केवारी एकटी काहीच सांगत नाही. ती प्यालेल्या मिलिलिटरशी गुणावी लागते. एक मिलिलिटर मद्यार्काचं वजन ०.७९ ग्रॅम, म्हणून पुढे त्याने गुणलं की पोटात गेलेले ग्रॅम मिळतात. साध्या बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली पाच टक्क्यांची धरली तर २६ ग्रॅम. ‘स्ट्राँग’ लिहिलेली, आठ टक्क्यांची, त्याच आकाराची बाटली ४१ ग्रॅम. ४२.८ टक्क्यांचा साठ मिलिलिटरचा पेग २० ग्रॅम. म्हणजे बिअरची ‘हलकी’ बाटली एका मोठ्या पेगहून भारी आहे आणि स्ट्राँग बाटली दोन मोठ्या पेगांच्या बरोबरीची. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये, जोर तोच असेल तर, ६१ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दहा ग्रॅमला एक माप धरते. एक क्वार्टर म्हणजे सहा मापं.

ताडीचं वेगळं. झाडावरून पहाटे उतरलेला रस गोड असतो, मद्यार्क नावालाच. पण उन्हात आंबणं थांबत नाही. संध्याकाळपर्यंत ती चार-सहा टक्क्यांना, म्हणजे बिअरच्या बरोबरीला येते. सकाळची ताडी आणि संध्याकाळची ताडी यांना एकच नाव असलं तरी शरीरासाठी त्या दोन वस्तू आहेत. आणि ताडी पेल्याने मोजून कोणी पीत नाही. संध्याकाळची लिटरभर रिचवली तर चाळीस ग्रॅम सहज होतात.

हे ग्रॅम शरीरात गेल्यावर काय होतं? यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्क मोडतं. लिंबू, ताक, काळा चहा, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. पन्नास किलो वजनाच्या पुरुषाने बिअरची एक साधी बाटली भराभर संपवली तर रक्तात १०० मिलिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या आसपास मद्यार्क चढतो. मोटार वाहन कायद्याची वाहनचालकासाठीची मर्यादा ३० आहे. क्वार्टर रिचवून रात्री दहाला झोपलेला माणूस पहाटे सहाला मोटरसायकल काढतो, तेव्हाही तो पुरता उतरलेला नसू शकतो. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातला आकडा आणखी वर जातो. आणि गर्भारपणात सुरक्षित अशी कुठलीही मात्रा नाही.

मोहाला मी खलनायक ठरवणार नाही. भिल्ल, मावची, गावित, कोकणी घरांत जन्मापासून मरणापर्यंत देवाला आणि पूर्वजांना मोहाच्या दारूची धार सोडली जाते. ते त्यांचं आहे. याच आदिवासींनी १९२२ च्या देवी चळवळीत दारू सोडली, पारशी ठेकेदारांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. पुढे १९३० च्या दशकात तळोदा भागात गुलाम महाराजांच्या मागे हजारो लोक दारूमुक्तीच्या शपथेने उभे राहिले. तेव्हा ‘आदिवासींना कळत नाही’ असं शहरात बसून म्हणणाऱ्यांनी आधी हा इतिहास वाचावा. माझी तक्रार आहे ती जोर न सांगता विकण्याविरुद्ध. बाटलीवर टक्केवारी छापण्याची सक्ती आहे, तरी तीही अपुरी वाटते. ऑस्ट्रेलियात बाटलीत किती प्रमाणित मापं आहेत तो आकडा लेबलावर असतो. आपल्याकडेही क्वार्टरवर ‘सहा मापं’ असं ठळक मराठीत छापलं पाहिजे. भट्टीच्या दारूला तर लेबलच नाही. तिथे उपाय गावाच्याच हातात आहे. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो आणि १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा किंवा ती मर्यादित करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. तो वापरावा.

शेवटी मिथेनॉलबद्दल. मोहाच्या भट्टीतून माणूस मरेल एवढं मिथेनॉल सहसा निघत नाही. बळी जातात ते कारखान्यातलं मिथेनॉल दारू म्हणून विकल्याने. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं अशीच गेली. २०२२ मध्ये गुजरातेत बोटाद परिसरात चाळीसहून अधिक. या विषाचे दहा मिलिलिटर डोळे घालवू शकतात, तीस मिलिलिटर जीव. आणि ते लगेच कळत नाही, बारा ते चोवीस तास सगळं ठीक वाटतं. दारू प्यायल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणाला धूसर दिसू लागलं, पोटात कळा येऊ लागल्या, धाप लागली, तर ‘उतरेल’ म्हणून झोपू देऊ नका. सोबत प्यायलेल्या सगळ्यांना शोधा, उरलेली बाटली बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा. वेळेत पोचलं तर यावर उतारा आहे.