जड पाण्यातली मोटर

काचपट्टी तयार करायलाच हात स्थिर लागतो. ३० अंशांवर हलवत वाढवलेलं ई. कोलायचं कल्चर दोन सिरिंजांमधल्या बारीक नळीतून पुन्हा पुन्हा इकडून तिकडे ढकलायचं. जिवाणूंच्या लांब कशाभिका तुटून आखूड खुंट उरतात. ते जिवाणू धुऊन प्रतिपिंडांचा लेप दिलेल्या काचेवर सोडायचे. खुंट काचेला चिकटला, की कशाभिकेच्या मुळाशी असलेली मोटर जिवाणूचं अंगच फिरवू लागते.

फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली ती काळपट कांडी एका जागी खिळून सेकंदाला दहाएक फेरे घेते आणि क्षणात उलटी फिरते. सिल्व्हरमन आणि सायमन यांनी १९७४ साली जिवाणू असेच काचेला खिळवून कशाभिका मुळापाशी फिरते हे दाखवलं. मला सगळ्यात थक्क करतं ते त्या कांडीचं थांबणं. एवढ्याशा देहाला पाणी जरासुद्धा घरंगळू देत नाही. जोर थांबला की गती तिथेच संपते.

आणि मोटरला जोर देणारे प्रोटॉनही याच पाण्यातून येतात. पेशीपटलाबाहेरचे प्रोटॉन मोटॲ-मोटबी या प्रथिनांच्या वाटेने आत येतात. स्ट्रेप्टोकोकसवर १९८७ साली झालेल्या मोजमापात एका फेऱ्याला साधारण १२०० प्रोटॉन खर्ची पडतात असं दिसलं. पाण्यात प्रोटॉन सरळ वाहत नाही. हायड्रोजन बंधाने जोडलेल्या शेजाऱ्याकडून एका रेणूला प्रोटॉन मिळतो आणि तो आपला दुसराच प्रोटॉन पुढच्याला देतो. मोटबीवरचं ३२ व्या क्रमांकाचं ॲस्पार्टिक आम्ल तो घेतं, सोडतं. त्या घेण्यासोडण्यात प्रथिनाचा आकार बदलतो आणि मोटरचं चक्र ढकललं जातं.

ही देवघेव मोटरचा वेग खरोखर ठरवते का? चेन आणि बर्ग यांनी २००० साली त्यासाठी जड पाणी वापरलं. त्यात हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा ड्युटेरियम असतो आणि त्याची उडी संथ पडते. काचेला खिळलेले जिवाणू आणि कशाभिकेच्या खुंटाला प्लास्टिकचे सूक्ष्म मणी चिकटवलेले जिवाणू असं कमीजास्त ओझं त्यांनी वापरलं. जड पाणी साध्या पाण्यापेक्षा दाटही असतं, म्हणून नुसता वेग पाहून भागत नाही. दाटपणा हिशेबात धरून मोटरचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, काढावा लागतो. ओझं जड असताना तो जवळजवळ तेवढाच भरला. ओझं हलकं केल्यावर मात्र, भरधाव मोटरमध्ये, जड पाण्याने पीळ स्पष्ट घटला. सावकाश फिरताना प्रोटॉनला उडी मारायला वेळ पुरतो. वेगात तीच उडी मोटरला अडवून धरते.

२०२० मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मोटबीच्या जोडीभोवती मोटॲच्या पाच प्रतींचं कडं दाखवलं. ती जोडी मध्ये राहते आणि कडं तिच्याभोवती फिरून मोठ्या चक्राला ढकलतं, असा तर्क त्यावरून बांधला गेला. तो मला पटतो. पण गोठवलेल्या चित्रात रचना मिळते, वेळ मिळत नाही. पाण्यातले हायड्रोजन बंध तर पिकोसेकंदांत तुटतात आणि जुळतात. कुठली पायरी मोटरला रोखते हे ठरवायला मण्यांवरचं ते मोजमापच हाताशी धरावं लागतं.