ऐकण्याची साधनं – लेखांक ६ : खराब ध्वनिमुद्रणाच्या सीडी आणि भारी प्लेअर

मागच्या आठवड्यात आपण सीडीवरची माहिती लेझर कसा वाचतो, ते पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आणि थेट खिशाशी संबंध असलेला. कपाटातल्या बहुतेक सीडी जुन्या, खरखरीच्या ध्वनिमुद्रणांच्या असतील, तर महागडा प्लेअर घ्यावा का? घ्यायचाच झाला तर काय पाहून घ्यावा?

वर्ध्यात हा प्रश्न केवळ हौसेचा नाही, कारण आपल्याकडे जिवापाड जपलेले आवाजच जुने आहेत. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. त्यांच्या आवाजाची तबकडी कोलंबिया कंपनीने १९३१ मध्ये लंडनला काढली होती. १९४७-४८ मधली दिल्लीच्या प्रार्थनासभांतली त्यांची भाषणं आकाशवाणीने मुद्रित केली. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं, बालगंधर्वांची नाट्यपदं, अब्दुल करीम खाँसाहेबांची ओडियनच्या तबकडीवरची झिंझोटीतली ठुमरी हेही सगळं जुन्या तंत्राने टिपलेलं. पुढच्या पिढीने हे ऐकावं असं वाटत असेल, तर ते त्रास न होता ऐकू यायला हवं.

आधी थोडा हिशेब मांडू. सीडीवर २० हजार हर्ट्‌झपर्यंतचे स्वर मावतात आणि सर्वांत हळू व सर्वांत मोठा आवाज यांत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर ठेवता येतं. ७८ आरपीएमच्या तबकडीत हे अंतर जेमतेम तीस-चाळीस डेसिबलचं. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी गायक कर्ण्यात तोंड घालून गात, आणि त्या तबकड्यांत तीन हजार हर्ट्‌झच्या वर फारसं काही नसे. माइक आल्यावर ही मर्यादा पाच-सहा हजारांपर्यंत, कधी त्याहूनही वर गेली. त्यापलीकडे तबकडीवर जे ऐकू येतं ती बहुतांशी खरखर असते.

आता महागड्या प्लेअरचं माहितीपत्रक उघडा. त्यात भर असतो तो नव्या डॅक चिपवर (सीडीवरच्या आकड्यांचं आवाजात रूपांतर करणारा भाग), नमुन्यांची संख्या वाढवणाऱ्या अपसॅम्पलिंगवर आणि २० हजार हर्ट्‌झच्या आसपास काम करणाऱ्या डिजिटल फिल्टरवर. आपल्या जुन्या गाण्याचा जीव तर तीनशे ते चार हजारांच्या पट्ट्यात असतो. जिथे गाणं नाहीच, तिथली सुधारणा विकत घेऊन हाती काय लागणार? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की अशा सीडींसाठी डॅकच्या नावावर जादा पैसे मोजू नयेत. पैसा खर्च करायचाच, तर तो कुठल्या दोषावर करतो आहोत हे आधी ओळखावं.

दोष तीन ठिकाणी असतात. पहिला मूळ ध्वनिमुद्रणात. खरखर, टकटक, दबलेला तबला हे सगळं सीडीत उतरलेलंच असतं आणि प्लेअर ते इमानेइतबारे वाचून दाखवतो. इथे उपयोग होतो तो अॅम्प्लिफायरचा. त्यावर मोनोचं बटण असेल तर ते दाबा. मूळ तबकडी मोनो आणि सीडीवरची नक्कल स्टीरिओ असेल, तर दोन्ही बाजूंना वेगवेगळी असलेली खरखर बरीच कमी होते आणि आवाज मध्यभागी घट्ट बसतो. मग ट्रेबलची कळ हळूहळू मागे घ्या. खाँसाहेबांच्या ठुमरीत तळणीसारखा तडतडाट मागे सरतो, पण स्वर तसाच राहतो. तंबोऱ्याची जवारी बुजायला लागली किंवा शब्दांतला ‘स’ बोथट झाला, की तिथे थांबून कळ किंचित पुढे आणा. बऱ्याच उंची अॅम्प्लिफायरमधून या कळाच काढून टाकलेल्या असतात. आपल्यासाठी ती उणीव आहे.

दुसरा दोष सीडी तयार करताना शिरतो. खरखर काढण्याच्या नादात आवाजातले बारकावेही पुसले गेले असतील, तर गायक पाण्याखालून गातो आहे असं वाटतं. ते कुठलाही प्लेअर परत आणू शकत नाही. दुसऱ्या कंपनीचं मुद्रण मिळतं का, ते शोधावं. वेगाची चूक मात्र सुधारता येते. जुन्या तबकड्या सगळ्याच काटेकोर ७८ च्या वेगाने मुद्रित झालेल्या नसत. नक्कल करताना वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला, तर काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो आणि त्याच्या गळ्याचा पोतच बदलतो. स्टुडिओसाठी बनवलेल्या काही प्लेअरना पिच कंट्रोल, म्हणजे वेग कमी-जास्त करण्याची सोय असते. हार्मोनियम जवळ घेऊन तिने सूर जुळवता येतो. शास्त्रीय संगीताच्या रसिकाला ही एक सोय कुठल्याही महागड्या चिपपेक्षा मोलाची आहे.

तिसरा दोष खुद्द चकतीत असतो आणि इथे चांगल्या प्लेअरवर केलेला खर्च सार्थकी लागतो. माहितीच्या मार्गावर सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा सीडीची दुरुस्ती-पद्धत पूर्ण भरून काढू शकते, पण त्यासाठी लेझरने मार्ग सोडता कामा नये. घरी कॅसेटवरून भरलेल्या सीडी-आर प्रकाश कमी परावर्तित करतात. त्यांच्यातला रंग उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. असल्या चकत्या काही महागडे प्लेअर नाकारतात, तर साधा डीव्हीडी प्लेअर निमूट वाजवतो. म्हणून यंत्रणा कशी वाचते हे पाहा आणि लेझरचा सुटा भाग पुढे मिळेल का, हे विकत घेण्याआधी विचारा.

निवड करायला नागपूर किंवा पुणे-मुंबई गाठणार असाल, तर दुकानदाराची चकचकीत सीडी ऐकून निर्णय घेऊ नका. घरच्या तीन सीडी न्या: एक सर्वांत खरखरीची, एक ओरखड्यांची, एक घरी भरलेली. दोन प्लेअरची तुलना करताना आवाज अगदी सारखा ठेवा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. गांधीजींचं भाषण लावा आणि कान न ताणता किती शब्द कळले, ते पाहा. मग अर्धा तास गाणं ऐका. कान शिणला, तर तो प्लेअर आपला नाही.

घरी आणल्यावर स्टॅबिलायझर लावा. हिंगणघाट, देवळीकडे कापसाच्या हंगामात हवेत तंतू असतात, तेव्हा ट्रे उघडा ठेवू नका. सीडी पुसताना मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. घरी भरलेल्या सीडींची नक्कल आजच संगणकावर उतरवून ठेवा. त्या वाचेनाशा झाल्या, की कितीही किमतीचा प्लेअर कामाचा नाही.

थोडक्यात, वाचन पक्कं असलेला मध्यम किमतीचा प्लेअर, मोनो आणि ट्रेबलची सोय असलेला अॅम्प्लिफायर, आणि उरलेला सगळा पैसा स्पीकरवर. जुना आवाज खुलतो तो याच वाटणीने. माणसाचा गळा खरा वाटेल असा स्पीकर कसा निवडावा, ते पुढच्या लेखांकात.