सायकलचा मार्ग आणि यंत्राचा गार्ड

कॅनडा देशात ओंटारिओ नावाचा प्रांत आहे. टोरांटो ही त्याची राजधानी. ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी अव्हेन्यू या तेथील तीन मोठ्या रस्त्यांवरून 2024 सालापासून फार मोठा वाद माजला. वाद होता तो रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी राखलेल्या चिंचोळ्या पट्ट्याचा. सातासमुद्रापलीकडच्या त्या पट्ट्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, कामावर जाणाऱ्या माणसाच्या जिवाची किंमत कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवायची, हा प्रश्न टोरांटोला जसा पडला तसाच तो आपल्याकडेही पडलेला आहे.

प्रथम हकीकत पाहू. ब्लूर रस्त्यावर 2016 साली प्रयोग म्हणून सायकलमार्ग झाला आणि पुढच्याच वर्षी शहराच्या निर्वाचित सभेने तो कायम केला. 2020 साली साथीच्या काळात युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवर आणि 2021 साली यंगवर असे मार्ग झाले. ही नुसती रंगाची रेघ नव्हती. बऱ्याच ठिकाणी सिमेंटचे ठोकळे किंवा खांब लावून सायकली मोटारींपासून वेगळ्या केलेल्या होत्या. ब्लूरचा मार्ग पश्चिमेच्या उपनगरांकडे वाढू लागला, तेव्हा तेथील मोटारवाले आणि काही दुकानदार चिडले. प्रांताचे मुख्यमंत्री डग फोर्ड यांनी त्यांची बाजू घेतली. 2024 च्या नोव्हेंबरात त्यांच्या सरकारने कायदा केला. यापुढे मोटारींची एखादी रांग कमी करून सायकलमार्ग करायचा असेल, तर शहराने प्रांताची परवानगी घ्यावी, आणि या तीन रस्त्यांवरचे मार्ग तर प्रांतच काढून टाकील, असे त्यात होते. कारण सांगितले गेले ते वाहतुकीच्या कोंडीचे.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. उपनगरातून रोज मोटारीने येणाराही पुष्कळदा नोकरदार माणूसच असतो. त्याचा तास वाया गेला तर तो त्याच्या मुलाबाळांच्या वाट्याचा तास असतो. दुकानदाराला गिऱ्हाइकाची मोटार कोठे उभी राहणार याची काळजी असते. थंडीच्या दिवसांत सायकली कमी होतात आणि रिकामा पट्टा डोळ्यांत खुपतो. या तक्रारी खऱ्या आहेत. प्रश्न एवढाच की, सुचवलेल्या औषधाने हा रोग बरा होतो का?

येथे रस्त्याचे गणित समजून घेतले पाहिजे. नळाला मोठी तोटी बसवली की पाणी जास्त येते, तसे रस्त्याला एक रांग वाढवली की कोंडी सुटेल असे आपल्याला वाटते. परंतु रस्ता जरा मोकळा झाला की जो काल बसने गेला तो आज मोटार काढतो, जो उशिरा निघत होता तो गर्दीच्या वेळी निघतो, आणि थोड्याच दिवसांत नवी रांगही भरते. अँथनी डाऊन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1962 सालीच हा नियम मांडून ठेवला आहे. शिवाय जो सायकल सोडील तो हवेत विरून जात नाही. तो मोटारीत बसला, तर एका सायकलीच्या जागी कितीतरी मोठे वाहन रस्त्यावर येते.

आता जिवाचा हिशेब. 2024 साली टोरांटोत सहा सायकलस्वार रस्त्यावर मेले. त्यांतील एक मृत्यू ब्लूर रस्त्यावरच झाला. तेथे सायकलमार्ग होता, पण कोणीतरी त्यावर राडारोड्याची मोठी पेटी आणून ठेवलेली होती. सायकलवरील स्त्रीला मोटारींच्या रांगेत यावे लागले आणि मालमोटारीने तिचा जीव घेतला. मार्ग काही हातांपुरता बंद झाल्याने एवढे होते, तर तो मैलोगणती उखडल्यावर काय होईल, हे सांगायला पंडित नको. सरकारलाही ते कळत असावे. कारण मार्ग काढल्यामुळे कोणी जखमी झाला किंवा मेला, तर प्रांतावर भरपाईचा दावा लावता येणार नाही, असे कलम त्याने कायदा संमत होण्यापूर्वी त्यात घालून घेतले!

आम्ही कामगार संघटनेत आयुष्य काढलेली माणसे. हे कलम वाचले की आम्हाला कारखाना आठवतो. पॉवर प्रेसला गार्ड असतो. आपल्या देशात 1948 च्या कारखाना कायद्याने यंत्राला असे कुंपण घालणे मालकावर बंधनकारक केले. तरी कितीतरी ठिकाणी गार्ड काढून ठेवतात, कारण गार्डमुळे माल कमी निघतो असे म्हणतात. बोटे जातात कामगाराची आणि हिशेब होतो मालाचा. सायकलमार्गाचा कठडा हा रस्त्यावरचा गार्डच होय. ही केवळ उपमा नाही. टोरांटोत घरोघर जेवण आणि पुडकी पोचवणारी हजारो मुले सायकलवर राबतात. त्यांत आपल्या देशातून शिकायला गेलेली मुलेही आहेत. रस्ता हाच त्यांचा कारखाना. 2020 साली ओंटारिओच्या श्रम मंडळाने अशाच एका कंपनीच्या मुलांना संघटना करण्याचा हक्क मान्य केला होता.

या कायद्याविरुद्ध सायकलस्वारांची संस्था न्यायालयात गेली. तिच्याबरोबर दोन व्यक्तीही अर्जदार होत्या. एक विद्यापीठात शिकणारी, दुसरा सायकलवरून माल पोचवणारा. कॅनडाच्या राज्यघटनेप्रमाणे शहरे प्रांताच्या अखत्यारीत असतात, तेव्हा शहराचा निर्णय फिरवण्याचा अधिकार प्रांताला होताच. अडसर होता तो 1982 च्या हक्कांच्या सनदेचा. तिच्या सातव्या कलमाने प्रत्येकाला जीवित, स्वातंत्र्य आणि देहाची सुरक्षितता यांचे अभय दिले आहे. आपल्या घटनेच्या 21 व्या कलमाचेच हे भावंड.

30 जुलै 2025 रोजी न्यायमूर्ती पॉल शाबास यांनी निकाल दिला. सायकलमार्ग बांधून मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, असे त्यांनी म्हटले नाही. हा बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांचा मुद्दा असा की, असलेले संरक्षण काढल्याने माणसे मरण्याचा आणि जखमी होण्याचा धोका वाढतो, आणि ज्या कोंडीसाठी ते काढायचे ती त्यामुळे कमी होईल याला पुरावा नाही. सरकारला त्याच्याच सल्लागारांनी दिलेला सल्लाही या उद्देशाला पाठबळ देणारा नव्हता. ज्या कृतीचा तिच्या हेतूशी संबंध नाही आणि जिच्यात माणसांचा जीव पणाला लागतो, ती कृती मनमानी ठरते. म्हणून या तीन रस्त्यांवरचे मार्ग उखडण्याचे कलम घटनाबाह्य ठरले.

वाद तेथे संपला नाही. सरकारने अपिलाचा मार्ग धरला आणि 2025 च्या अखेरीस नवा कायदा करून, मोटारींची रांग घेऊन नवे सायकलमार्ग करायलाच शहरांना बंदी घातली. न्यायालय एक दार राखते, तोवर दुसरे लावले जाते. संघटनेच्या कामात हा अनुभव नवा नाही.

आता आपल्या अंगणात पाहू. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सायकलींवरच येई-जाई. 2017 साली पुणे महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. परंतु झालेल्या ट्रॅकवर ठिकठिकाणी मोटारी उभ्या राहतात, हातगाड्या लागतात, मध्येच विजेची डीपी येते आणि ट्रॅक संपतो. टोरांटोला मार्ग काढायला कायदा करावा लागला, न्यायालयात उत्तर द्यावे लागले. आपल्याकडे तो कोणी न काढताच नाहीसा होतो, आणि जाब विचारायला समोर कोणी सापडत नाही.

तेव्हा रस्त्याची कोणतीही नवी योजना पुढे आली की आपण तीन प्रश्न विचारावेत. वेळ कोणाचा वाचणार? जीव कोणाचा धोक्यात जाणार? आणि वाचणारा वेळ खरोखर वाचेल याला पुरावा काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या माणसांची नावे सांगत असतील, तर तिसऱ्याचे उत्तर कागदावर मिळाल्यावाचून कोणीही मान डोलावू नये. यंत्रावरचा गार्ड काढू देण्यापूर्वी आम्ही मालकाला हेच विचारतो. रस्ता तर आपल्या सर्वांच्या पैशाने बांधलेला आहे. तेथे हा जाब विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाचा आहे.