दोष ग्रहणाचा नव्हे, आईचाही नव्हे

मूल पाठीत वाकडं जन्मलं, की बिडकीनसारख्या पैठण रस्त्यावरच्या गावातही पहिला सवाल आईलाच होतो : ग्रहण पाळलं नव्हतंस का?

उत्तर आकाशात नाही. गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर एकामागून एक लहान गाठी उमटतात. त्यांतून मणके आणि फासळ्या घडतात. हा क्रम बिघडला, की मणके अर्धवट राहतात, फासळ्या एकमेकींना चिकटतात. छाती आखूड राहते, फुप्फुसांना जागा पुरत नाही. १९३८ साली जार्को आणि लेव्हिन या अमेरिकी डॉक्टरांनी असा विकार नोंदवला.

त्याच दिवसांत हृदयही आकार घेत असतं. म्हणून काही मुलांत दोन्ही दोष सोबत येतात. वाकडी पाठ दिसते. काळजातलं छिद्र दिसत नाही. दूध पिताना दम लागणं, कपाळावर घाम, ओठ निळे पडणं, वजन न वाढणं ही त्याची खूण. मग हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे एको, करायलाच हवी.

काही प्रकारांत सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून येतं. दोघे ठणठणीत असतात, पण दर गरोदरपणात धोका चारात एक. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल, तर अशी गाठ पडण्याची शक्यता वाढते.

अंगणवाडीत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी होते. त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका. पुढच्या खेपेला अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली सोनोग्राफी चुकवू नका. आणि सुनेला बोल लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.