ज्यांना दिसत नाही, त्यांनाही वाचता आले पाहिजे!

अंध माणूस संगणक कसा चालविणार, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. पण तो चालवितो आणि इंटरनेटवर फॉर्मही भरतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी प्रणाली त्याच्या मदतीला असते. अशा प्रणाली महाग असत. म्हणून ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली 'एनव्हीडीए' ही मोफत प्रणाली तयार करण्यास सुरुवात केली. त्याचा मित्र जेम्स टेह, तोही अंध, त्याला येऊन मिळाला. ही प्रणाली मराठीही वाचते.

अंधाला माउस उपयोगाचा नाही. त्याचे सारे काम कीबोर्डवर चालते. 'एच' दाबले की पुढचे शीर्षक, 'के' दाबले की पुढची लिंक, 'एफ' दाबले की फॉर्ममधला पुढचा रकाना. डोळस माणूस पानावर नजर फिरवितो, अंध माणूस असे कान फिरवितो.

मग अडते कुठे? रकान्याला नाव जोडलेले नसेल, तर तिथे आपले नाव लिहायचे की वडिलांचे उत्पन्न, हे कळत नाही. शिष्यवृत्तीच्या परिपत्रकाचा नुसता फोटो टाकला, तर प्रणालीला वाचायला अक्षरच सापडत नाही. जुन्या फॉन्टमधील मराठीची निरर्थक बडबड ऐकू येते. आणि शेवटी चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगतात, तेव्हा दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागतात. कधी पासवर्डही दुसऱ्याच्या हाती जातो.

म्हणजे अडथळा पान बनविणाऱ्याने उभा केलेला असतो. तळे भरलेले असून पाण्याला हात लावू न देणे म्हणजे काय, हे महाडचा १९२७ चा सत्याग्रह करणाऱ्या समाजाला वेगळे सांगायला नको.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या सोयींची तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरविला. ही कुणाची दया नव्हे, हा हक्क आहे.

घरात अंध मूल असेल, तर त्याला बाजूला बसवू नका. अँड्रॉइड फोनवर 'टॉकबॅक' मोफत मिळते, तेथून सुरुवात करा. विहाराच्या आणि जयंती मंडळाच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे, की सूचना युनिकोडमध्ये टाइप करा. फोटो टाकलाच तर त्याखाली मजकूर लिहा. स्वयंदीप होण्याची वाट अंधांसाठीही मोकळी असली पाहिजे.

जय भीम!